झोपेतला तांडेल

माझे बाबा झोपेत जाळं ओढायचे. थळच्या आमच्या कोळीवाड्यात याचं कुणालाच नवल नव्हतं. बाबा तांडेल, होडी त्यांच्या हुकमावर चालायची. खलाशी कौतुकाने म्हणत, "तांडेल घरी निजला तरी मन दर्यान हाय." झोपेत ते "वढा रं, वढा!" असं ओरडून गोधडी खेचायचे आणि आम्ही हसायचो. पुढे हात थरथरू लागले, चाल आखडली, कंपवाताचं निदान झालं. तेव्हाही या ओढण्याचा त्याच्याशी काही संबंध असेल हे आमच्या टाळक्यात शिरलं नाही.

आईच्या दंडावर, गालावर काळंनिळं दिसायचं. विचारलं की म्हणायची, बर्फाची पेटी लागली. मासळीच्या लिलावात अख्ख्या बंदराला ऐकू जाणारा तिचा आवाज तेवढ्यापुरता बारीक व्हायचा. एकदा डोळाच सुजला तेव्हा तिने मला खरं सांगितलं, हे बाबांचे झोपेतले हात लागतात, आणि वर दम भरला, "त्यांना सांगशील तर बघ." बाबांनी जन्मात तिच्यावर हात उगारला नव्हता. त्याचा तिला कोण अभिमान!

अलिबागला डॉक्टरांनी बाबांसमोरच विचारलं, "झोपेत हातपाय झाडतात? कुणाला लागतं?"

"न्हाय," आई म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. "लागतं. हा डोळा बघा तिचा," मी म्हणाले.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. स्वप्नात जे चाललेलं असतं ते अंग खरोखर करू लागतं. कंपवाताच्या माणसांत हे दिसतं, कधी कधी तर थरथर सुरू व्हायच्या कितीतरी आधीपासून. त्यांनी गोळी लिहून दिली आणि सध्या वेगळं झोपायला सांगितलं. बाबांचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. ते आईच्या डोळ्याकडे बघत होते. मला फार वाईट वाटलं, पण बोलल्याचा पस्तावा मात्र झाला नाही.

 त्या रात्री जेवणं झाल्यावर बाबा पडवीतून दोरी घेऊन आले आणि आईपुढे दोन्ही मनगटं धरली. 

"बांध," म्हणाले. "गोलीचा काय भरोसा?"

आईने दोरी घेतली, नीट गुंडाळली आणि खिळ्याला अडकवून टाकली. बाबांना रडू फुटलं. तिने त्यांचं अंथरूण एका भिंतीशी घातलं, आपलं दुसऱ्या भिंतीशी ओढलं आणि उशी झटकत म्हणाली, "तुमी मला कवा मारलं? तुमी जालं वढत व्हते. मीच मधी आली."