मावशींची जुळलेली बोटं

"कायले?"

कोणतंही काम सांगितलं की मावशींचा पहिला शब्द हाच. कायले, म्हणजे कशासाठी. गोंदियाच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्या परिचर होत्या. सर म्हणायचे, "मावशी, बेडकाची पिल्लं लागतील." सर वैतागून कारण सांगेपर्यंत मावशींची बादली जागची हलत नसे.

त्यांच्या डाव्या हाताची मधली दोन बोटं जन्मापासून जुळलेली होती, अगदी नखापर्यंत. मी नजर वळवायची. माझ्या इंग्रजी शाळेत तेच शिकवलं होतं. त्यांना ते कळायचं.

"पाहून घ्या म्याडम, तिकीट नाही लागत."

मी कुणाशी फारशी बोलत नसे. एम.एस्सी.च्या सेमिनारसाठी मला कॅस्पेज हा विषय मिळाला. ठरलेल्या वेळी पेशीला आतून मोडून टाकणारे हे एन्झाइम. रिकाम्या प्रयोगशाळेत मी इंग्रजीत पाठांतर करत होते. मावशी ट्रे धूत होत्या.

"मराठीत सांगा नं. काय मरून राहिलं त्याच्यात?"

"पेशी."

"कायले?"

मी त्यांनीच आणलेली पिल्लं दाखवली. बेडूक होताना शेपूट गळून पडत नाही. हे एन्झाइम तिच्या पेशी मोडतात आणि शरीर त्या जिरवून टाकतं. बोलता बोलता मी म्हणून गेले, "पोटातल्या बाळाचा हातसुद्धा आधी वल्ह्यासारखा सपाट असतो. मधल्या पेशी मरतात, मग बोटं सुटी होतात." आणि माझी नजर त्यांच्या डाव्या हातावर गेली.

मावशींनी हात पदराला पुसला, डोळ्यांसमोर धरला.

"म्हंजे माह्या इथल्या मेल्याच नाही."

"हो."

"माह्यासारख्याच हट्टी निघाल्या." त्या हसल्या. मग हसू ओसरलं. "हे आईले सांगा लागते."

मावशी पोटात असताना, रोवणीच्या दिवसांत, ग्रहण लागलेलं असताना त्यांच्या आईने धानाच्या रोपांच्या पेंड्या बांधल्या होत्या. गावाने ठरवलं, तू गाठी मारल्या म्हणून पोरीची बोटं बांधली गेली. तेव्हापासून दर ग्रहणात ती बाई घरात कोंडून घ्यायची, पाण्याचा थेंब घ्यायची नाही. आणि आता मावशींची मुलगी बाळंतपणाला आली होती. सातवा महिना, रोवणी सुरू, आणि ग्रहण तोंडावर.

"तुम्ही या," मावशी म्हणाल्या. "माह्या तोंडचं आई आयकत नाही."

ग्रहणाच्या सकाळी मी गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या पुढे त्यांच्या गावी गेले. मावशींच्या आईने, म्हणजे आजींनी, नातीला मागच्या खोलीत सरळ निजवून ठेवलं होतं आणि स्वतः दाराला पाठ लावून बसल्या होत्या.

"पोरीले बाहेर येऊ दे, आई."

"माह्या हातून एकदा झालं तेवढं पुरे."

"पेंड्या बांधल्या तवा मी कितव्या महिन्याची होती?"

"आठव्या."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. परक्या घरात आवाज चढवणं मला कधी जमलं नव्हतं. त्या दिवशी तो आपोआप चढला. "आजी, तिसरा महिना सरायच्या आत बोटं सुटी होतात. आठव्या महिन्यात मावशींचा हात असाच तयार होता. तुम्ही काहीही केलेलं नाही."

"शहरच्या पोरीले काय समजते," आजी म्हणाल्या. पण नात उठली तेव्हा त्या दारातून सरकल्या.

ग्रहण लागलेलं असतानाच नात ओसरीवर बसून पेंड्या बांधू लागली. गल्लीतल्या बाया थबकल्या. जुळलेली बोटं रक्तातून येऊ शकतात, कधी एक पिढी सोडूनही, हे मी मावशींना आधीच सांगितलं होतं. सगळं माहीत असून त्या ओसरीवर उभ्या राहून मोठ्याने म्हणाल्या, "बोटं जुळून आली तर माह्यावरून आली समजा. माह्या पोरीले कोणी बोलाचं नाही. बोलाचं असन तर मले बोला."

मुलगी झाली. डावा हात, मधली दोन बोटं जुळलेली.

"सांगतलं होतं नं?" बघायला आलेल्या बाया म्हणाल्या.

मावशींनी आपला हात बाळाच्या हाताशेजारी ठेवला. तोच हात, तीच बोटं, अगदी नखापर्यंत.

"ग्रहणाले माह्या हाताचा नमुना कोणं देल्ला?"

आजी ते दोन हात कितीतरी वेळ पाहत राहिल्या.

मावशी निवृत्त झाल्याला आता काही वर्षं झाली. आता मी शिकवते त्याच प्रयोगशाळेत बादली एका सांगण्यात उचलली जाते, कुणी काही विचारत नाही. मला ते बरं वाटत नाही. नोकरीच्या शेवटच्या दिवशीही त्या ट्रे धूत होत्या. धुता धुता म्हणाल्या, "बाळ झाल्यावर जे पहिलं ग्रहण आलं, त्याच्यात आईनं काय केलं, सांगू? चहा मांगतला."

"ग्रहणात?"

"भर अंगणात बसून. अन् एकदा नाही." त्यांनी साबणाने माखलेला डावा हात वर केला, आणि किती वेळा ते दाखवायला ती जुळलेली दोन बोटं ताठ उभी केली.