तिसऱ्या खांबापर्यंत तांबडी

गोव्यात डिचोलीच्या बाजारामागे एका मेकॅनिकचं गॅरेज आहे. माझी स्कूटर तिथेच दुरुस्त होते. पूर्वी तो खनिजाचा ट्रक चालवायचा, जितक्या ट्रिपा तितके पैसे. अजून बोलतो तेही गिअर बदलल्यासारखं, मध्येच थांबून.

गाडी तपासताना तो तिच्याकडे बघत नाही. पाठ फिरवून नुसता ऐकतो. म्हणूनच स्पोर्ट्स कारवाले दोन मित्र, एकाची तांबडी, दुसऱ्याची काळी, कोणाची गाडी जास्त ओढते हे ठरवायला त्याला पाळी गावाच्या सरळ रस्त्यावर नेतात. एका रविवारी मीही गेलो. गाड्या सोडायला तो वर धरलेला रुमाल खाली करायचा, पाठ फिरवायचा आणि गाड्या लांब गेल्या की सांगायचा, "तांबडी सुटता बरी. तिसऱ्या खांबापर्यंत तीच. मागीर काळी." मोबाईलवर शूटिंग बघावं तर अगदी तसंच.

तिसऱ्या खेपेला वर धरलेला रुमाल खाली येईना. रस्ता वळणापर्यंत मोकळा होता. दोघे हॉर्न मारून ओरडले, "काका, सोडा की!" तो हलला नाही. चार-पाच मिनिटांनी वळणावरून एक म्हातारी गवताचा भारा डोक्यावर घेऊन आली आणि रस्ता ओलांडून शेतात उतरली. मग त्याने रुमाल खाली केला.

"ती येणार हे कसं कळलं तुम्हाला?" मी विचारलं.

"ह्याच वेळार येता ती. आधीपासून."

"याच रस्त्याने ट्रक चालवायचात तेव्हाही थांबायचात तिच्यासाठी?"

गाड्या लांब गेल्या होत्या. या वेळी त्याने निकाल सांगितला नाही. रुमालाची घडी घालत म्हणाला, "तेव्हा आमका ट्रिपा वाढवायच्या असायच्या."