हळदीतला मेंदू

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्राणिशास्त्राच्या सरांनी बजावलं, "परीक्षेला प्रत्येकानं बोकडाचा अख्खा मेंदू आणायचा. भागांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाचण्यांनी टोचायच्या. मेंदू नाही तर प्रॅक्टिकल नाही." आमच्या घराण्यात मेंढरांमागं न जाता कॉलेजात गेलेला मी पहिलाच. प्रॅक्टिकलला उडालो असतो तर हसायला सगळी भावकी टपूनच बसलेली होती.

बारामतीत मटणाच्या दुकानांना तोटा नव्हता. पण मुंडी म्हटली की खाटीक सत्तूर हाणून सरळ दोन फाका करणार. "अख्खी ठेवा" म्हणेपर्यंत मेंदूच्या चिंध्या.

परीक्षेच्या आदल्या दिवशी बावड्याला थोरल्या बहिणीच्या सासरी नवसाचा बोकड होता. एस.टी. धरून गेलो. पण तिथल्या रिवाजानं मुंडीवर हक्क बोकड कापणाऱ्या मुलाणी चाचांचा. मी हात जोडले.

"चाचा, मुंडी तुमचीच. आतला मेंदू तेवढा द्या."

"वा! म्हंजे आमी नुसती कवटी चाटायची व्हय?"

"परीक्षा हाय, चाचा."

"परीक्षा तुझी अन् भेजा बोकडाचा?"

पण माणूस दिलदार. पाइप कापायची करवत मागवून त्यांनी कवटी हळूहळू उघडायला घेतली. बहिणीचे सासरे, तात्या, मांडी घालून समोरच बसले.

"राग कुठं असतो रं ह्यात?"

मी छाती पुढं काढून म्हणालो, "मेंदूत रसायनं असतात, तात्या. ती कमीजास्त झाली की राग येतो, आनंद होतो, झोप लागते."

"दारूवाणी?"

"थोडंफार तसंच."

तात्या चुलीकडं तोंड करून ओरडले, "ऐकलंस का? माझ्यात ती आतूनच असती!"

"मग भाईरनं कशाला वतता?" बहिणीच्या सासूबाईंचा आवाज आला.

मेंदू निघाला. लोण्यासारखा मऊ, पण अख्खा. ताटलीत ठेवून मी हात धुवायला गेलो. परत आलो तर ताटली रिकामी, आणि बहीण चुलीपुढं.

"अगं, मेंदू?"

"हळद-मीठ घालून उकडाय टाकलाय. नेहमीसारखा. फोडणी तेवढी राह्यलीय."

मी झाऱ्यानं तो बाहेर काढला. मोडला नव्हता, उलट घट्ट झाला होता. फक्त पिवळाधमक.

दुसऱ्या दिवशी तोच डब्यात घालून नेला, चिठ्ठ्या टोचल्या. बाहेरून आलेले परीक्षक माझ्या टेबलाशी थांबले, वाकले, वास घेतला.

"ग्रे मॅटर दाखवा."

"हे, सर."

"हे पिवळं आहे."

दुसरा मेंदू काही मिळणार नव्हता. मी ब्लेड उचललं आणि मधोमध आडवा काप दिला. हळद वरवरच लागली होती. आत राखाडी कड, तिच्याखाली पांढरं, जसं पुस्तकात तसं. मग मोठा मेंदू, छोटा मेंदू, खालचा देठ, सगळं न अडखळता सांगितलं. शेजारच्याचा कच्चा मेंदू तोवर ट्रेभर पसरला होता आणि तो हातात चिठ्ठ्या धरून उभा होता.

"कशात मुरवून आणलाय हा?"

"हळद-मिठात उकडलाय, सर."

परीक्षक हसले नाहीत. पण सही करताना त्यांचे खांदे हलत होते.

पास झालो. बावड्याला जाऊन बहिणीला पेढा दिला, तर पेढा तोंडात असतानाच तिनं विचारलं, "मग त्यो खाल्ला कुणी?"