पाण्याखालच्या खाचरातली माती

मडकी भाजायचा आवा उघडला की आधी राखेचा कोरडा वास येतो, आणि मग त्याच्या आडून, लाजत लाजत यावा तसा, भाजलेल्या मातीचा उबदार, गोडसर गंध. पौषातली सकाळ, धरणाच्या पाण्यावरून सरकत येणारं विरळ धुकं, आणि राखेतून एकेक करून वर येणारी तांबूस सुगडं. मुळशीच्या त्या काठावर उभं राहिलं की मला वाटे, दिवस आज पूर्वेऐवजी या राखेतूनच उगवतो आहे.

आमच्या घराण्यात कॉलेजात जाऊन पदवी घेतलेली मी पहिली. हे मी ताठ मानेने सांगते. त्यात संकोच कसला? पण पुण्याहून सुट्टीला आले की माझे पाय घराआधी गंगामावशी कुंभारणीच्या छपराकडे वळत. भातकापणी उरकली की गावातल्या बायका तिथे माती मळायला, सुगडं घडवायला जमत. आम्ही शेतकऱ्यांघरच्या, तशीच पेठेत दुकान असलेली रहिमतबी. छपरामागे सगळ्यांची मिळून एक बाग होती. तडकलेल्या घागरींच्या बुडात मिरच्या डोलत, कुंपणावर पावटा चढे, भोपळे गवतात निवांत लोळत. कुणी पाणी घालावं, कुणी खुडावं, याचा हिशेब नव्हता. रीत एकच, पण कडक: आव्यातून निघालेल्या पहिल्या मडक्यात बागेतली भाजी शिजवायची, ज्यांचे हात त्या मातीला लागले त्या सगळ्यांनी ती एकत्र खायची, आणि मगच उरलेली भांडी बाजारात जायची. त्यातली एक जरी उपाशी राहिली तरी भांडी टिकत नाहीत, असा समज.

माझी आई बागेत राबे, पण मातीला कधी हात लावीत नसे. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. ती माती उन्हाळ्यात पाणी ओसरलं की धरणाच्या पोटातून आणलेली असे, आणि तिथेच आईचं माहेर होतं. लहानपणीच तिचं लग्न झालं, आणि मागोमाग धरणाचं पाणी चढलं. घर गेलं, शेत गेलं, भावंडं पांगली. जिचं माहेरच जलाशयाच्या तळाशी विसावलं आहे, तिने सणासुदीला कुठल्या वाटेकडे डोळे लावावेत?

त्या वर्षी संक्रांत तोंडावर आली तरी काम उरकेना, तेव्हा आई मातीपुढे बसली. बोटं आत रुतली आणि थबकली. "ही आमच्या आबाच्या खाचरातली हाय," एवढंच म्हणाली, आणि दिवस मावळेपर्यंत मळत राहिली.

सुगडं घडली, वाळली, आणि बाजाराच्या दिवशी सकाळी आवा निघाला. पावटा शिजला. सगळ्या गोल करून बसल्या, आणि आई मात्र उठून कुंपणाशी जाऊन उभी राहिली.

"वहिनी, बसा की," गंगामावशी म्हणाली.

"मला न्हाई खायचं. ज्या मातीत माझा बाप राबून मेला, तिच्यातच शिजलेलं घशाखाली कसं उतरंल?"

"मग आमी बी उपाशी, आन सुगडं बी हितंच," रहिमतबी म्हणाली. "संक्रांतीआधीचा शेवटचा बाजार हाय आज. बायकांनी वाण काय हातावर द्यायचं?"

कुणी हसलं नाही. मी आईजवळ गेले नाही. हे तिचं तिनेच ठरवावं, असं मला वाटलं.

गंगामावशीने भाजी परळात काढली आणि तो मातीचा परळ घेऊन आईपुढे उभी राहिली. "तुमच्या आबानं कुणाला दारातनं उपाशी धाडलंय का कधी? मग लेकीला धाडंल व्हय? माहेरचं जेवण हाय, वहिनी. न्हाई म्हणू नगा."

आईने परळ घेतला. बराच वेळ नुसता ओंजळीत धरला. मग एक घास खाल्ला, सावकाश, देवळातला प्रसाद खावा तसा. मग आणखी एक.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली. "आबाला न्हाई चाललं असतं."

"आत्ता कशी लेक बोलली," रहिमतबी म्हणाली, आणि सगळ्यांचं अडकलेलं हसू एकदम सुटलं.

आपण म्हणतो, काळ सगळं गिळतो. गिळतो खरा, पण कधीतरी तो ओसरतोही, आणि त्या ओल्या तळावरून कुणीतरी टोपलीभर माती उचलून आणतं, एवढं माणसाला पुरत असावं का?

सुगडांची गाडी बाजाराला गेली. निघताना गंगामावशीने आईच्या पदरात पावट्याच्या शेंगा घातल्या. आमचं घर तिथून हाकेच्या अंतरावर, तरी आई माहेराहून निघालेल्या बाईसारखी पुन्हा पुन्हा मागे वळून पाहत होती. मीही मागून हळूच चालत राहिले. तिला घरी पोचायची घाई नव्हती.