टाकी कोरडी, गाडी चालू

उत्पादन कधीच बंद झालेली एक जुनी मोटारसायकल मी थेट कोईमतूरहून विकत घेतली, तेव्हा वडील भडकले. “संभाजीनगरात गाड्या संपल्या व्हय?” एवढं बोलून त्यांनी अबोला धरला.

गाडी रेल्वे पार्सलनं आली, गोणपाटात शिवलेली आणि नियमाप्रमाणं टाकी कोरडी केलेली. बाटलीत पेट्रोल न्यायचं मला सुचलंच नाही. भर उन्हात, स्वतःलाच शिव्या घालत स्टेशनापासून ती ढकलत निघालो, तर मागून वडिलांची स्कूटर आली.

“बस,” ते म्हणाले आणि माझ्या फूटरेस्टला पाय लावला. आमच्याकडं बंद गाडी अशीच नेतात.

क्रांती चौकाजवळ पंप दिसला. मी ब्रेक दाबणार, तोच ते मागून ओरडले, “थांबू नको! आधी तुझ्या आईला दाखवू.”