माहूरच्या किल्ल्याचा वाटाड्या

मुलांनो, निजामाच्या अमलात आम्ही दरवर्षी माहूरला जायचो. किल्ला दाखवणारा वाटाड्या ठरलेला असे. किल्ला राजानं बांधला, असं तो आम्हाला सांगायचा. सरकारी साहेबांना सांगायचा, बादशहानं.

एकदा पायथ्याशी माझे वडील आणि तालुकदारसाहेब एकाच वेळी पोचले. साहेबांची मर्जी गेली, तर वाटाड्याचं काम जाणार होतं. त्यानं नेहमीच्या पायऱ्या सोडून सगळ्यांना उभ्या चढाच्या वाटेनं नेलं.

"बोलू नका हुजूर, लई दम लागतो."

वर पोचताच साहेबांनी धापा टाकत विचारलंच, "कुणी बांधला हा?"

"मालूम न्हाई हुजूर. पर बांधणारा ह्या वाटेनं चढला असता, तर बांधला नसता."

साहेब हसले, वडीलही हसले. उतरताना त्यानं आम्हाला पायऱ्यांनी आणलं.