प्रवाळांच्या टाकीवर धरलेलं लक्स मीटर

लेकीच्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीतली जिवंत प्रवाळं माझ्यामुळे पांढरी पडली. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. तपासणीच्या टेबलावर उजेड पुरेसा आहे का, हे ज्याने बघतो ते लक्स मीटर मी घरी आणलं आणि तिच्या टाकीवर धरलं. आकडा कमी आला, म्हणून निळे दिवे वाढवले.

"बाबा, ती मिटून घेतायत. उजेड जास्त होतोय," ती म्हणाली.

"मीटर अचूक असल्याचं कॅलिब्रेशनचं स्टिकर आहे त्यावर. तुझ्या डोळ्यांवर आहे का?"

रंग उडाल्यावर मी माहितीपत्रक वाचलं. ते मीटर माणसाच्या डोळ्याला जाणवेल तेवढाच उजेड मोजतं. निळा त्यात फार कमी धरला जातो, म्हणून आकडा कमी आला होता. आता प्रवाळांना लागणारा उजेड मोजणारं दुसरं मीटर घ्यायचंय. पिंपरीतला दुकानदार म्हणतो, पाण्यात बुडवायचंच घ्या. मित्र म्हणतो, "राव, मोबाइलचं ॲप बास." काही मीटरांचा आकडा निळ्या दिव्यांसाठी पुन्हा दुरुस्त करावा लागतो म्हणे. कुणाचं खरं, मला कळेना.

शेवटी टाकीपाशी तिच्या शेजारी बसलो. "कुठलं घ्यायचं ते तूच ठरव," म्हणालो. "तू रोज बघून सांगत होतीस आणि मी तुला टोमणा मारला. चुकलो बाळा, माफ कर मला."